किल्ल्याला चुना लावा, पण खराखुरा

महाराष्ट्रात किल्ल्यांवर प्रेम करणाऱ्यांचा तुटवडा नाही. गाडीच्या मागच्या काचेवर राजमुद्रा असते, हातावर गोंदण असतं, शिवजयंतीला स्टेटस बदलतं आणि पावसाळ्यात प्रत्येक गडाच्या पायथ्याशी पार्किंगवरून भांडणं होतात. तुटवडा आहे तो चुन्याचा. भट्टीत भाजलेल्या, पाण्यात भिजत घातलेल्या, घाणीत मळलेल्या, दगडांच्या दर्जांमध्ये भरायच्या साध्या चुन्याचा. आणि तो भरता येणाऱ्या माणसांचा.

मराठीत ‘चुना लावणे’ म्हणजे फसवणे. आपण आपल्या जलदुर्गांना तो वाक्प्रचारातला चुना गेली कित्येक दशकं लावत आलो आहोत. घोषणा केल्या, आराखडे काढले, फलक लावले, रोषणाई केली, सेल्फी पॉइंट उभारले. तटाच्या दर्जा मात्र पावसागणिक रिकाम्या होत राहिल्या. या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे: समुद्रातल्या किल्ल्यांवर नवं काहीही उभारण्याआधी जुनं धरून ठेवायला शिका. पुढची दहा वर्षं जलदुर्गांसाठीचा प्रत्येक रुपया आधी दुरुस्तीला जावा, त्यातून उरला तर सोहळ्याला. हे म्हणणं कुणाला रुक्ष वाटेल, कुणाला भावना दुखावणारं. दोघांनीही पुढे वाचावं.

समोरासमोर दोन बांधकामं

मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामाचा मुहूर्त झाला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट, आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर. साडेतीनशेहून जास्त पावसाळे त्या तटाने अंगावर घेतले आहेत. एकही पावसाळा त्याला सुट्टी देत नाही.

त्याच मालवणात राजकोट आहे. तोही मूळचा किल्लाच, पण आज कुणाला विचारलं तर राजकोट म्हणजे पुतळ्याची जागा. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या निमित्ताने तिथे शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. वारा ताशी ४५ किलोमीटर वेगाने वाहत होता, असं कारण सांगितलं गेलं. मग आरोप झाले, अटका झाल्या, मोर्चे निघाले, माफी मागितली गेली. मे २०२५ मध्ये त्याच जागी नवा, आधीहून बराच उंच पुतळा उभा राहिला.

या सगळ्या गदारोळात एक प्रश्न जवळपास कुणीच विचारला नाही. त्या दिवशी जो वारा राजकोटावर होता, तोच समोर सिंधुदुर्गावरही होता. मग सिंधुदुर्गाच्या तटाची काय स्थिती आहे? कुठे भेग पडली आहे, कुठे झाड उगवलं आहे, लाटा पायाशी कुठे पोकळी करत आहेत, याची शेवटची तपासणी कधी झाली आणि ती कुठे वाचायला मिळेल? ज्या राजाच्या पुतळ्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, त्या राजाने स्वतः उभा केलेला तट हाकेच्या अंतरावर उभा होता. त्याच्याकडे पाठ करूनच आपण सगळे भांडत होतो.

पुतळ्याला माझा विरोध नाही. महाराजांची प्रतिमा लोकांना हवी असते आणि त्यात गैर काही नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. समुद्रात शिवस्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०१६ मध्ये जलपूजन झालं. साडेतीन हजार कोटींच्या वरचे आकडे तेव्हापासून ऐकतो आहोत. अरबी समुद्रात शिवाजी महाराजांचं स्मारक आधीच आहे, एक नव्हे अनेक आहेत. सिंधुदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आहे, खांदेरी आहे, पद्मदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे. ती उभारायला आपल्याला एक पैसा खर्चावा लागला नाही. सांभाळायला मात्र लागतो, आणि तिथेच आपला हात आखडतो.

तट एका रात्रीत पडत नाही

२०२० च्या ऑगस्टमध्ये विजयदुर्गाच्या तटबंदीचा एक भाग ढासळला. बातम्या आल्या, फोटो फिरले, ‘लाटांच्या तडाख्याने’ असं म्हटलं गेलं. लाटांना दोष देणं सोपं असतं. त्या खुलासा मागत नाहीत.

विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या मुखावर आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्यापर्यंत त्याचा इतिहास मागे नेला जातो. पुढे महाराजांनी त्याचा विस्तार केला, आंग्र्यांनी तो आरमाराचं मुख्य ठाणं केलं. इंग्रज त्याला घेरिया म्हणत आणि त्याला बिचकून असत. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी पेशव्यांच्या साथीने तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला, तेव्हा खाडीत उभी असलेली आंग्र्यांची गलबतं जळून गेली. त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला आणि धुळपांनी तिथून मराठी आरमार चालवलं. तोफांच्या माऱ्यासमोर उभं राहिलेलं हे बांधकाम. ते एका ऑगस्टच्या लाटांनी पडलं, यावर विश्वास ठेवायचा का?

जुना दगडी तट कसा पडतो, हे समजून घ्यायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. बाहेरून आणि आतून घडीव दगड, मध्ये दगडगोटे आणि चुन्याची भर, असा त्याचा ढोबळ आराखडा असतो. तटाच्या माथ्यावर पडणारं पाणी बाहेर काढायला उतार आणि पन्हळी ठेवलेल्या असतात. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्हळ पाल्याने, मातीने आणि आता प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी तुंबली की ते पाणी वाट शोधत तटाच्या पोटात शिरतं. आतली भर धुपते. दुसरीकडे पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ, वड, उंबराची बी दर्जांमध्ये रुजते. मुळं चुन्यातली ओल शोधत जातात आणि दगड एकमेकांपासून सोडवतात. खाली लाट पायाशी आदळते, सुटा झालेला चुना आणि बारीक दगड ओढून नेते. मग एक दिवस तटाला पोट सुटतं. भिंत फुगल्यासारखी दिसू लागते. ती फुगलेली भिंत वर्षानुवर्षं तशीच असते, येणारे-जाणारे तिच्यासमोर फोटो काढतात. आणि मग एका ऑगस्टमध्ये मोठी भरती येते.

बातमी त्या भरतीची होते. आधीची वीस-पंचवीस वर्षं बातमीत येत नाहीत.

यातली प्रत्येक पायरी वेळेवर थांबवता येते आणि स्वस्तात थांबवता येते. एका वर्षाचं पिंपळाचं रोप दोन बोटांनी निघतं. पाच वर्षांचं काढायला पहार लागते. वीस वर्षांचं झाड उपटलं तर तट सोबत येतो. ते कापावं लागतं, मुळं मारावी लागतात आणि पोकळी पुन्हा भरावी लागते. पन्हळ साफ करायला दोन माणसं आणि एक दुपार पुरते. न केल्यास त्याच जागी पुढे कोट्यवधींची निविदा निघते. दुरुस्ती पुढे ढकलल्याने पैसा वाचत नाही. तो व्याजासकट फेडावा लागतो, आणि पडलेला दगड मूळ जागी बसत नाही तो नाहीच.

माझे एक मामा गवंडी होते. चिरेबंदी घरं बांधण्यात हयात गेली. मे महिन्यात ते गावातल्या जुन्या घरांच्या जोत्यांवरून बोट फिरवत हिंडायचे आणि कुठे दर्ज उघडी दिसली की घरमालकाला हाक मारायचे: “पावसाआधी भरूक व्हयी. मगे रडान काय उपेग?” संवर्धनशास्त्राची जाडजूड पुस्तकं मी नंतर चाळली. त्यांच्या मुळाशी मामांचंच वाक्य आहे.

सिमेंट हे औषध नाही

आता चुन्याविषयी. ‘एवढं काय, सिमेंटने भरून टाका, पक्कं होईल,’ असं सहज म्हटलं जातं. भल्या हेतूने म्हटलं जातं आणि ठिकठिकाणी तसं केलंही गेलं आहे. राखाडी ठिगळं दिसतात ना तटांवर, ती तीच.

जुनी भिंत श्वास घेते. हा अलंकार नाही. जांभा सच्छिद्र असतो, चुनाही सच्छिद्र असतो. पाणी आत शिरतं तसं वाफ होऊन बाहेरही पडतं. समुद्रकाठी त्या पाण्यात मीठ असतं. पाणी उडालं की मिठाचे स्फटिक होतात आणि स्फटिक वाढताना दगडाचे कण फोडतात. भिंत चुन्याची असेल तर हा मारा चुन्याच्या दर्जा बऱ्याच अंशी आपल्या अंगावर घेतात, आणि दर्जा पुन्हा भरता येतात. वरून सिमेंटचा कडक लेप दिला की पाण्याला त्या वाटेने बाहेर पडता येत नाही. मग ते दगडातून बाहेर पडतं, मीठ दगडात साठतं आणि दगडच पापुद्र्यांनी सुटायला लागतो. सिमेंट शाबूत राहतं, किल्ला झिजतो. शिवाय सिमेंट ताठ असतं. जुनी भिंत उन्हापावसात किंचित हलते, तेव्हा चुना तिच्याबरोबर सरकतो, सिमेंट तिला तडा देतं.

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचं मोठं संवर्धन झालं, २०१३ मध्ये ते पूर्ण झालं. त्या कामात छतावरून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट काढावं लागलं. ते विसाव्या शतकात ‘दुरुस्ती’ म्हणूनच थरावर थर चढवलेलं होतं. आधी ते ओझं उतरवलं, मग चुना घातला. दुरुस्तीची दुरुस्ती करायची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढं तरी यातून शिकता येईल.

आणि चुना टिकत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला मुरुडजवळच्या पद्मदुर्गाचे फोटो दाखवा. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला महाराजांनी कासा बेटावर बांधलेला हा किल्ला. तिथे लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तटाचे दगड आतपर्यंत झिजवले आहेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भिंत दिसते: कप्पे रिकामे, कडा शाबूत. ज्यांनी तो चुना मळला त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी त्यात काय, किती घातलं, हे तपासून पुन्हा बनवता येईल इतकं रसायनशास्त्र आज कॉलेजच्या प्रयोगशाळेतही आहे. पद्मदुर्ग आणखी एक गोष्ट शिकवतो. तिथे चुना उरला आणि दगड गेला, म्हणजे सगळीकडे एकच मिश्रण चालत नाही. जांभ्याला वेगळं, काळ्या दगडाला वेगळं, भरतीच्या रेषेखाली वेगळं. एका टेंडरमध्ये दहा किल्ल्यांना एकच माप लावणारी पद्धत म्हणूनच धोक्याची आहे.

दर्जा भरल्याचं उद्घाटन होत नाही

हे सगळं सरकारला माहीत नाही का? माहीत आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं २०१४ चं संवर्धन धोरण वाचा. मूळ साहित्य, मूळ पद्धत, कमीत कमी हस्तक्षेप, पारंपरिक कारागिरांचा सहभाग, सगळं त्यात लिहिलेलं आहे. त्याआधी जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये संवर्धनाची नियमपुस्तिका लिहून ठेवली होती. कागदावर आपण शंभर वर्षं शहाणे आहोत.

मग काम का होत नाही? एका अभियंत्याला मी हाच प्रश्न विचारला होता. तो हसला आणि म्हणाला, “दर्जा भरल्याचं उद्घाटन होत नाही हो.” फीत कापायला काहीतरी नवं लागतं. साफ केलेल्या पन्हळीसमोर उभं राहून कुणी फोटो काढत नाही. पाच वर्षांनी निवडणूक येते. चांगल्या दुरुस्तीची खूण अशी की पाच वर्षांनी तिथे काहीच घडलेलं नसतं. तट जागेवर असतो, बस्स. ‘काहीच घडलं नाही’ यावर मतं मिळत नाहीत.

पण यात राजकारण्यांना एकटं पाडून आपण सुटू शकत नाही. आपल्यालाही गोष्टी आवडतात, गवंडीकाम नाही. विजयदुर्गाचंच घ्या. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. १८६८ साली त्या तारखेला खग्रास सूर्यग्रहण झालं, हे खरं. पण ज्यांच्या नावाने ही गोष्ट सांगितली जाते त्या नॉर्मन लॉकयर यांनी आपलं निर्णायक निरीक्षण त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केलं. आणि ग्रहणाच्या दिवशी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहणारे जान्सन होते गुंटूरला. विजयदुर्गाला उसन्या कीर्तीची गरज नाही. त्याच्याजवळ पाण्याखाली बांधलेल्या भिंतीची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केली आहे, खाडीत आत आरमाराची गोदी आहे. त्यांच्यासाठी कोणता दिन साजरा होतो? गोष्टीला डागडुजी लागत नाही, म्हणून ती आपल्याला प्रिय. भिंतीला लागते, म्हणून ती नकोशी.

आणि परंपरेचाच दाखला हवा असेल तर तोही आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेलं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. राज्य कसं चालवावं हे सांगणारा तो ग्रंथ. त्यात दुर्गांवर एक प्रकरण आहे. त्यात शौर्याची वर्णनं कमी आणि घरकाम जास्त आहे. तटात वाढणारी झाडं आणि गवत दर वर्षी काढा, पाण्याची टाकी जपा, एकाच पाणीसाठ्यावर विसंबू नका, पहारे तपासा. ज्यांनी औरंगजेबाशी झुंज पाहिली होती, ते लोक झाडं उपटण्याला राज्यकारभार म्हणत होते. आपण रोषणाईला म्हणतो.

‘पण’ म्हणणाऱ्यांना

पहिला ‘पण’: पडझड हेच किल्ल्याचं सौंदर्य आहे, त्याला हात कशाला लावायचा? हे म्हणणाऱ्यांविषयी मला आदर आहे, कारण चकचकीत केलेले किल्ले पाहून त्यांना धसका बसलेला असतो. पण दुरुस्ती म्हणजे पुनर्बांधणी नव्हे. पडलेला वाडा कल्पनेने पुन्हा उभा करा, असं मी म्हणत नाही. तो पडलेलाच राहू दे. जे उभं आहे ते उभं राहू दे, एवढंच मागणं आहे. डोंगरावरचा भग्न बुरुज शंभर वर्षं भग्न राहू शकतो. समुद्रात भगदाडाला ती सवलत नाही. दर भरतीला ते मोठं होतं.

दुसरा ‘पण’: पर्यटन वाढलं तर पैसा येईल, पैशातून दुरुस्ती होईल. मग आलेल्या पैशाचा हिशेब दाखवा. सिंधुदुर्गाच्या होड्यांना सुट्टीच्या दिवशी रांगा लागतात. त्या गर्दीतून तटाच्या वाट्याला काय येतं, हे त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कुठे वाचायला मिळतं? आधी जेटी, मग दुकानं, मग रोषणाई आणि शेवटी तट, हा क्रम असेल तर तटापर्यंत पाळी येईपर्यंत पाहायला काय उरणार?

तिसरा ‘पण’: स्वयंसेवक आहेत की! दुर्गसंवर्धन करणाऱ्या कितीतरी संस्था सुट्टीच्या दिवशी गडांवर राबतात. त्यांचा घाम खरा आहे आणि त्यांच्यामुळेच कितीतरी टाकी, तोफा, दरवाजे आज दिसतात. पण उत्साह हे प्रशिक्षण नव्हे. जोर लावून उपटलेलं झाड तट घेऊन येतं. जुन्या दगडावर ऑइलपेंट फासला की दगड गुदमरतो. या मुलामुलींना आठवडाभर चुन्याचं काम शिकवा, ओळखपत्र द्या, एका प्रशिक्षित गवंड्याच्या हाताखाली ठेवा. आणि सरकारचं काम फुकटात करून घ्यायची सवय सोडा. रविवारच्या श्रमदानावर संरक्षित स्मारकं जगत नसतात.

शेजाऱ्यांचं काय?

११ जुलै २०२५ रोजी ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे. आनंद झालाच. पण त्या यादीबरोबर दोन धोके येतात.

एक म्हणजे, यादीबाहेरचे अनाथ होतात. पद्मदुर्ग यादीत नाही. कुलाबा, उंदेरी, अर्नाळा नाहीत. सगळा निधी, सगळे अभ्यासक, सगळे कॅमेरे चार किल्ल्यांवर गेले तर बाकीच्यांचा नंबर कधी लागणार?

दुसरा धोका किल्ल्याशेजारी राहणाऱ्या माणसांचा. २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणे केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट. हेतू योग्य आहे. मुंबई-पुण्यात हा कायदा नसता तर काय झालं असतं, ते सांगायला नको. पण कोकणातल्या किल्ल्याच्या कुशीतल्या गावात याचा अर्थ असा होतो की गळकं छप्पर बदलायलाही आधी परवानगीचा कागद लागतो. त्याच माणसाच्या दारासमोर किल्ला वर्षानुवर्षं ढासळत असतो आणि तिथे कुणाला घाई नसते. मग त्याला किल्ला शत्रू वाटला तर चूक कुणाची?

या दोन्ही धोक्यांवर उपाय एकच आहे: दुरुस्तीचा रोजगार त्याच गावाला द्या. प्रत्येक जलदुर्गाच्या गावात वर्षभर चालणारी चुन्याची घाणी हवी. दहा-बारा गवंडी आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलं पगारावर हवीत, एका टेंडरपुरती नव्हेत. मासेमारी बंद असते त्या महिन्यांत जे हात रिकामे असतात, त्यांना तटाच्या आतल्या बाजूचं काम देता येईल. चुन्याचं काम येणारा तरुण किल्ल्यापुरता मर्यादित राहत नाही. कोकणात जुनी घरं, देवळं, विहिरी, मशिदी, चर्च दुरुस्तीची वाट पाहत उभी आहेत. ज्या गावाचं पोट तटावर चालेल, ते गाव तटात पिंपळ वाढू देणार नाही.

मागायचं काय?

तुम्ही हे बहुतेक फोनवर वाचताय, म्हणून शेवट फोनपासूनच करतो. जलदुर्गावर गेलात की एक सवय लावून घ्या. तटाच्या एकाच जागेचा, एकाच कोनातून, तारखेसह फोटो काढा. सोबत मापासाठी बाटली किंवा छत्री ठेवा. पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा काढा. भेग वाढली का, रोपाचं झाड झालं का, दगड सरकला का, हे असे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर लहान मूलही सांगेल. ड्रोनच्या दहा रील्सपेक्षा हा कंटाळवाणा फोटो जास्त कामाचा. शंभर लोकांनी पाच वर्षं असे फोटो काढले, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय कुठल्याच कार्यालयाला उरणार नाही.

आणि मागणी करताना ‘किल्ले वाचवा’ असं मोघम मागू नका. त्याला ‘हो’ म्हणणं फार सोपं असतं. नेमकं मागा. प्रत्येक जलदुर्गाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, आणि तिचा मराठीतला अहवाल फोटोंसह सर्वांसाठी खुला. त्यात पाण्याखालच्या पायाची पाहणीसुद्धा. किल्ल्यावर येणाऱ्या पैशातला ठरलेला वाटा त्याच किल्ल्याच्या दर्जांसाठी, आणि त्याचा हिशेब जेटीवरच्या फलकावर. सिमेंटच्या ठिगळांची यादी आणि ती काढण्याचं वेळापत्रक. तट धोक्यात असेल तोवर त्या किल्ल्यावर एकही नवी शोभेची वस्तू नाही. पुढच्या वेळी मत मागायला कुणी गळ्यात भगवा शेला घालून आलं, तर त्यांना एवढंच विचारा: तुमच्या मतदारसंघातल्या किल्ल्याच्या पन्हळी मेमध्ये साफ झाल्या का? उत्तर माहीत नसेल, तर त्यांचं शिवप्रेम तपासून घ्यायला हवं.

यातल्या कशालाही हजारो कोटी लागत नाहीत. चुना लागतो, वाळू लागते, काम येणारे हात लागतात आणि दर वर्षी न चुकता तेच काम पुन्हा करायची तयारी लागते. जून दर वर्षी वेळेवर येतो. त्याच्या आधीचा मे महिना आपण काय करण्यात घालवतो, यावर तट किती वर्षं उभा राहणार ते ठरतं.